नसरापूरला जेवायचंय? आदल्या दिवशी सांगा!

शनिवारी रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या राजगड?' पाच मिनिटांत अकरा अंगठे येतात. गाड्या कोणाच्या, पेट्रोल किती, पहाटे किती वाजता कात्रजला भेटायचं, यावर शंभर मेसेज होतात. जेवणाबद्दल फक्त एकच, 'वाटेत बघू कुठेतरी.' आणि मग रविवारी दुपारी तीनला, पाय थरथरत असताना, हे अकरा जण हायवेवरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात पनीर टिक्का आणि बटर नान मागवतात. तोच पनीर, तोच नान कोथरूडला मिळाला असता, हडपसरला मिळाला असता.

हा लेख त्या 'बघू कुठेतरी'वर आहे. पुण्याहून राजगड, तोरणा किंवा बनेश्वरला जाणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं गाव म्हणजे भोर तालुक्यातलं नसरापूर. पुण्यापासून साधारण पस्तीस किलोमीटर. सातारा रस्त्यावर चेलाडीला फाटा लागतो, तिथून आत वळलं की जेमतेम काही मिनिटांत गाव. आपण मात्र त्या गावातून फक्त जातो. तिथे आणि त्याच्या पुढच्या वाड्या-वस्त्यांत काय खायचं, कुठे खायचं आणि कधी सांगायचं, हे एकदा समजून घ्या.

सर्च करून काय मिळतं?

मोबाइलवर नसरापूर टाकून 'जवळची हॉटेलं' शोधा. जी दिसतात त्यातली बरीचशी हायवेला लागून असतात. साहजिक आहे. मोठं पार्किंग, मोठा बोर्ड, मग फोटो, मग स्टार. पण इथलं खरं जेवण ज्या घरांत शिजतं त्यांच्या दारावर कधी रंगवलेला एक पत्रा असतो, 'घरगुती जेवणाची सोय', त्याखाली मोबाइल नंबर. कधी तोही नसतो. तिथे मेन्यूकार्ड नाही, वेटर नाही. तुम्ही सांगितलं तर जेवण आहे, नाही सांगितलं तर नाही.

म्हणून नसरापूरचा खाण्याचा नकाशा हॉटेलांच्या नावांनी लक्षात ठेवू नका. रस्त्याच्या टप्प्यांनी ठेवा. टप्पे चार: फाटा, पेठ, बनेश्वर आणि गडपायथा.

टप्पा पहिला: फाटा

पहाटे निघालात तर सात-साडेसातला फाट्यावर असता. इथे फार डोकं लावायचं नाही. चहा, वडापाव, पोहे, मिसळ. नियम एकच. जिथे एसटीची आणि जीपची वाट बघणारी माणसं उभी राहून खाताहेत तिथे खा. त्या माणसांना रोजचा रस्ता आहे. कढईतलं तेल कधीचं आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि एकदा फसली तर ती उद्यापासून पलीकडच्या गाडीवर जातात. असलं रेटिंग कुठल्याच अ‍ॅपवर नाही.

वडापाव घेताना 'गरम आहे का' असं विचारू नका, सगळे 'हो'च म्हणतात. 'पुढचा घाणा कधी?' असं विचारा. पाच मिनिटं थांबा आणि कढईतून निघालेला घ्या. गड चढायचा असेल तर तर्रीवाली मिसळ परतीसाठी ठेवा. भर उन्हात चोर दरवाजाची चढण आणि पोटात जळजळ, ही जोडी जमत नाही. पोहे खा, केळी बरोबर घ्या.

स्वतःची गाडी नसेल तरी अडत नाही. स्वारगेटहून वेल्ह्याकडे जाणारी एसटी याच रस्त्याने जाते. शिवाय फाट्यावरून आणि गावातून पुढे जाणारी वडाप असते, म्हणजे शेअर जीप. जीपवाल्या दादांशी बोला. कोणत्या वाडीत कोण जेवण देतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

टप्पा दुसरा: पेठ

नसरापूर हे पर्यटकांसाठी वसलेलं गाव नाही, आणि हीच त्याची गंमत. पुढच्या डोंगराळ मुलखासाठी ही बाजारपेठ आहे. वेल्ह्याकडची, म्हणजे आता ज्याचं नाव राजगड तालुका झालंय तिकडची माणसं बी-बियाणं, खत, पत्रे, कपडे, किराणा घ्यायला इथे उतरतात. त्यामुळे इथलं खाणंसुद्धा बाजारकरू माणसाचं आहे. पटकन मिळणारं, पोटभर, खिशाला झेपणारं. भेळ, भजी, शेव, फुटाणे, गोडीशेव, ग्लासभर चहा.

आठवडे बाजाराचा दिवस कोणता ते आधी विचारून घ्या आणि जमलं तर त्या दिवशी जा. बाजार म्हणजे ऋतूचं ताट असतं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगीसारख्या रानभाज्या येतात. त्या कुणी पेरत नाही, पहिल्या पावसानंतर आपसूक उगवतात, आणि बायका डोंगरात फिरून खुडून आणतात. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं. थंडीत पावट्याच्या शेंगा. भाजी विकणाऱ्या आजींना 'ही कशी करायची?' एवढंच विचारा. रेसिपीचा व्हिडिओ बघायची गरज उरत नाही. भारंगीचा कडवटपणा कसा काढायचा इथपासून सगळं कळतं.

पेठेत आणखी एक काम करा. डब्यात न्यायचं सामान इथूनच घ्या. पुण्याच्या मॉलमधून बिस्किटांचे आणि चिप्सचे सहा पुडे आणण्याऐवजी इथून शेंगदाणे, गूळ, फुटाणे, काकड्या घ्या. वजनाला हलकं, उन्हात टिकणारं, आणि मागे कचऱ्याला फारसं काही उरत नाही.

टप्पा तिसरा: बनेश्वर

गावापासून जवळच बनेश्वर. गर्द झाडी, पाण्याची कुंडं, मागे पावसाळ्यात कोसळणारा छोटा धबधबा. हे शिवमंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९च्या सुमारास बांधलं. आत गेलात की वर टांगलेली घंटा नक्की बघा. तिच्यावर १६८३ हे साल आणि क्रॉस आहे. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेली ही पोर्तुगीज घंटा आहे असं सांगतात.

इथलं खाणं म्हणजे बाहेरच्या टपऱ्यांवरचं. भाजलेलं कणीस, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा, चहा. श्रावणी सोमवारी प्रचंड गर्दी असते. त्या दिवशी उपवासाचं सहज मिळतं, पण निवांत बसायला जागा मिळेल ही आशा सोडा. निवांत हवं असेल तर मधल्या वारी जा.

घरून डबा आणायचा असेल तर तो इथे खा, झाडाखाली. मात्र माकडं असली तर पिशवी उघडी ठेवू नका आणि त्यांना खायला घालू नका. खाल्लं की कागद, प्लेटा, बाटल्या परत बॅगेत. बनातला ओढा तुमची पत्रावळ वाहून नेतो तेव्हा ती कुणाच्या तरी भाताच्या खाचरातच जाऊन अडकते.

टप्पा चौथा: गडपायथा

आता मुख्य गोष्ट. नसरापूरहून पुढे गेलात की मार्गासनी लागतं. तिथून एक वाट साखरमार्गे गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याशी. दुसरी विंझरमार्गे वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी. पाली दरवाजाने राजगड चढणारेही याच दुसऱ्या वाटेने जातात. या पायथ्याच्या गावांतल्या घरांमध्ये जे ताट मिळतं, त्यासाठी नसरापूरला वळायचं.

ताटात काय असतं? पिठलं किंवा हुलग्याचं दाट कालवण. तांदळाची, नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी. लसूण-मिरचीचा ठेचा, कांदा. मसुराची नाहीतर पावट्याची आमटी. शेवटी वाफाळता, किंचित चिकट, वासाचा भात. सांगून ठेवलं असेल तर गावरान कोंबडीचा रस्सा. पावसाळ्यात कुठे कुठे ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण.

या ताटातली प्रत्येक गोष्ट तिथे का आहे, याला कारण आहे. हा मावळचा, धो धो पावसाचा मुलूख, म्हणून खाचरात भात. उतारावर पाणी ठरत नाही, तिथे नाचणी. दिवाळीच्या आगेमागे भात निघाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, पावटा. म्हणजे भात, नाचणीची भाकरी आणि आमटी ही एकाच शिवाराची तीन रूपं झाली.

भाताचं तर वेगळंच प्रकरण. इथला जुना वाण आंबेमोहोर. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास सुटतो म्हणून हे नाव. पण त्याचं रोप उंच, वाऱ्या-पावसात आडवं पडणारं, आणि उतारा कमी. मग वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून नवा वाण तयार झाला आणि १९८७मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला. त्याचं नाव इंद्रायणी. वास आजीचा, उत्पन्न नव्या जमान्याचं. आज मावळपट्ट्यातल्या ताटात बहुतेक वेळा तोच असतो. 'मऊ झालाय' म्हणून नाक मुरडू नका. तो तसाच असतो. त्यात पिठलं कालवलं की चमचा बाजूला पडतो.

पंचेचाळीस भाकरींचं गणित

आता हे ताट आदल्या दिवशी का सांगायचं, ते बघा.

समजा तुम्ही पंधरा जण आहात. गड उतरलेला माणूस तीन भाकरी सहज खातो. झाल्या पंचेचाळीस. एका तव्यावर एका भाकरीला दोन-अडीच मिनिटं धरा. थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, निखाऱ्यावर फुगवायची. म्हणजे फक्त भाकऱ्यांना जवळजवळ दोन तास चुलीपुढे. तांदळाच्या भाकरीला उकड काढावी लागते, तो वेळ वेगळा. त्याआधी पीठ दळून आणणं, सरपण जमवणं, पाणी भरणं.

कोंबडीचं तर आणखी कठीण. गावरान कोंबडी दिवसभर मोकळी हिंडते. ती संध्याकाळी खुराड्यात आली तरच सहज हाती लागते. म्हणजे रविवारी दुपारी रस्सा हवा असेल तर निरोप शनिवारच्या संध्याकाळी पोचायला हवा. शिवाय तिचं मटण निबर, शिजायला ब्रॉयलरच्या दुप्पट वेळ. ऐन वेळी जाऊन 'गावरान आहे का?' विचारलंत आणि पाऊण तासात ताट समोर आलं, तर तुम्ही काय खाताय ते तुम्हीच ओळखा.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. पंधरा ताटं सांगितली, आणि ग्रुपमधल्या कुणाचा तरी मूड बदलला. 'उशीर झालाय, हायवेलाच खाऊ.' तुमच्यासाठी तो बदललेला प्लॅन. मावशींसाठी पंचेचाळीस भाकरी, पातेलंभर कालवण, कापलेल्या दोन कोंबड्या. हॉटेलात तुमचं टेबल रिकामं राहिलं तर दुसरं गिऱ्हाईक येतं. गुंजवण्यात रविवारी दुपारी चारला कोण येणार? भाकरी दुसऱ्या दिवशी कुणाला विकता येत नाही. कोंबडी परत खुराड्यात जात नाही. पायथ्याच्या घरांत शनिवार-रविवारच्या या ताटांवर शाळेची फी, दवाखाना, खताची पिशवी असे खर्च टेकलेले असतात. सांगून न येणं म्हणजे त्या घराचा आठवडा बुडवणं.

कॅब रद्द केली तर दंड बसतो म्हणून आपण दोनदा विचार करतो. इथे दंड नाही, फक्त शब्द आहे. म्हणून तर जास्त जपायचा.

फोनवर काय बोलायचं?

अनेकांना अनोळखी नंबरवर फोन करायचीच भीती वाटते. सोपं आहे.

'मावशी, नमस्कार. पुण्याहून बोलतोय. उद्या आम्ही बारा जण राजगडला येतोय. दुपारचं जेवण मिळेल का?'

'मिळंल की. वेज का नॉनवेज?'

'आठ जणांना कोंबडी, चौघांना पिठलं. ताट कसं आहे मावशी?'

त्या भाव सांगतील. गावरान आणि ब्रॉयलरचा भाव वेगळा असतो, तो आत्ताच विचारून घ्या. जेवून झाल्यावर घासाघीस करणं शोभत नाही.

'किती वाजता उतरणार?'

इथे खरं सांगा. गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढायला दोन-अडीच तास लागतात, नवख्यांना जास्त. वर पद्मावती माची, बालेकिल्ला, नेढं बघायचं तर दुपारचे बारा वाजताहेत असं होतच नाही. 'अडीच-तीन होतील' असं सांगा. थोडे पैसे ऑनलाइन आगाऊ पाठवा. त्यांनी मागितले नाहीत तरी पाठवा. आणि सकाळी चढायला सुरुवात करण्याआधी एक फोन, 'मावशी, आलोय, बाराच जण आहोत.' दोन कमी झाले असतील तर तेव्हाच सांगा. डोंगरात रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे हे काम पायथ्यालाच उरका.

नंबर कुठून मिळवायचा? आधी जाऊन आलेल्या सीनियरकडून, कॉलेजच्या ट्रेकिंग क्लबकडून, वडापवाल्या दादांकडून. काहीच नसेल तर सकाळी चढण्याआधी बोर्ड असलेल्या एखाद्या घरी थांबा आणि तोंडी सांगा. पिठलं-भाकरीला एवढी मुदत पुरते.

वरचं ताक

गडावरही वाटेत पाट्या घेऊन बसलेली माणसं दिसतील. ताक, लिंबू सरबत, काकडी, कधी दही. भाव शहरापेक्षा थोडा जास्त वाटला तर हातातली पाण्याची बाटली एकदा बघा. तुम्ही एक लिटर घेऊन चढताना दमलात. ताकाची ती किटली कुणीतरी डोक्यावर घेऊन तीच चढण चढलंय, आणि संध्याकाळी परत उतरणार आहे.

याच गडावरून सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार चालला. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यातली ताकीद थोडक्यात अशी: धान्य, भाजी, गवत, सरपण जे लागेल ते बाजारातून रोख पैसे देऊन आणा, रयतेला काडीचाही उपद्रव होता कामा नये. बालेकिल्ल्यावर फोटो काढून खाली उतरलेल्यांना ताटामागे वीस रुपये कमी करून मागताना हे पत्र आठवायला हरकत नाही.

परतताना

वेळ असेल तर फाट्यावरून थेट पुण्याकडे वळू नका. हायवेने थोडं पुढे साताऱ्याच्या दिशेला कापूरहोळ आहे. १४ मे १६५७ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक होती. तेव्हा बाळाला दूध पाजायला याच कापूरहोळच्या धाराऊ गाडे गेल्या. दोन वर्षांनी सईबाई राजगडाच्या परिसरात वारल्या, त्यांची समाधी पाल गावात आहे. या मुलखाने कुणाकुणाला जेवू घातलंय याची यादी अशी जुनी आहे.

निघताना ज्या घरी जेवलात तिथेच विचारा, 'मावशी, तांदूळ विकायचा आहे का?' असेल तर दोन-चार किलो घ्या. शहरात 'इंद्रायणी' लिहिलेली पोती खूप दिसतात. इथे तुम्हाला शेत दाखवून तांदूळ देतात. नवा आहे की जुना तेही विचारा. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, नाहीतर गिच्च गोळा होतो. हॉस्टेलच्या कुकरमध्ये शिजवाल तेव्हा शेजारच्या खोलीतले वासाने येतील.

एवढं लक्षात ठेवा

सकाळी फाट्यावर हलकं खा. कोरडा खाऊ पेठेतून घ्या. जेवण आदल्या संध्याकाळी सांगा. किती जण, काय हवं, किती वाजता, या तीन गोष्टी नक्की करा. आगाऊ पैसे द्या. शाकाहारी कोण, उपवास कुणाचा, हे ग्रुपवर आधीच विचारा. चपला बाहेर काढून, हात धुऊन पंगतीत बसा. ताटात टाकू नका, लागेल तसं मागा, वाढायला कुणी कमी करत नाही. आवडलं तर तसं तोंडाने सांगा, आणि नंबर सेव्ह करून पुढच्या बॅचला द्या.

येत्या शनिवारी ग्रुपवर 'उद्या राजगड?' असा मेसेज पडला, तर गाड्या कोणाच्या हे ठरण्याआधी एकाने फोन उचलायचा आहे. तो एक जण तुम्हीच व्हा. आणि हो, संध्याकाळी सातच्या आत करा. त्यानंतर कोंबड्या खुराड्यात गेलेल्या असतात आणि मावशी जेवायला बसलेल्या असतात.